सत्तावन टक्के म्हणजे थोडे की पुष्कळ?

मागच्या अंकातल्या एका उत्तरात ओहायो राज्याच्या 2023 मधल्या ऑगस्ट मतदानाचा उल्लेख ओघात आला होता. राज्याची घटना बदलायची पद्धतच बदलावी का, असा प्रश्न तेव्हा मतदारांपुढं होता. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. नव्या वाचकांसाठी: मी पूर्वी वाईला हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत असे. आता कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावी राहते, इथली नागरिक आहे आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते.

ताई, माझी लेक कोलंबसला असते. भर ऑगस्टात तिकडं घटनेवरून मतदान झालं म्हणे. राज्याला स्वतःची वेगळी घटना असते का? आणि ती बदलायला लोकांनी कशाला मत द्यायचं? ते काम आमदारांचं ना? (एक गृहिणी, कराड)

लेकीनं सांगितलं ते खरं आहे. अमेरिकेत देशाची एक घटना आणि पन्नास राज्यांच्या पन्नास वेगळ्या. मॅसॅच्युसेट्सची 1780 ची घटना तर देशाच्या घटनेहूनही जुनी आहे आणि आजही लागू आहे. आपल्याकडं महाराष्ट्र काय, कर्नाटक काय, कुणालाच वेगळी घटना नाही. अपवाद होता तो जम्मू-काश्मीरचा. तिथली घटना 26 जानेवारी 1957 ला लागू झाली आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये संपुष्टात आली.

इथल्या राज्यांच्या घटनांमध्ये शाळांचा पैसा, किमान वेतन, मतदारसंघ आखायची पद्धत, जुगारघरं असे विषय येतात. त्यामुळं तुमच्या लेकीच्या रोजच्या जगण्याशी देशाच्या घटनेपेक्षा ओहायोच्या घटनेचा संबंध जास्त येतो. ती बदलण्याचा प्रस्ताव आमदार मांडू शकतात, पण शेवटचा शब्द त्यांचा नसतो. एक डेलावेअर सोडलं तर सगळ्या राज्यांत दुरुस्ती मतदारांपुढं न्यावीच लागते.

ओहायोत आणखी एक वाट आहे, आणि सगळं भांडण त्या वाटेवरून झालं. विधिमंडळ बड्या कंपन्यांचं ऐकतं, आमचं ऐकत नाही, अशी शंभर वर्षांपूर्वी इथल्या लोकांची तक्रार होती. 1912 मध्ये घटना परिषद भरली. सिनसिनाटीचे एक धर्मोपदेशक, हर्बर्ट बिगेलो, तिचे अध्यक्ष होते. परिषदेनं सुचवलेल्या 42 दुरुस्त्यांवर त्याच वर्षी 3 सप्टेंबरला मतदान झालं आणि 34 मंजूर झाल्या. आमदारांना वगळून सह्या गोळा करायच्या आणि दुरुस्ती थेट मतपत्रिकेवर आणायची, हा हक्क लोकांना त्या दिवशी मिळाला. स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी पडली. मतदाराच्या व्याख्येतला ‘गोरा’ हा शब्द काढायची दुरुस्तीही पडली. तो शब्द पुढं 1923 मध्ये निघाला. हे मुद्दाम लिहिते आहे. मतदारांचं कधी चुकतच नाही, असा माझा दावा नाही.

सह्यांची वाट वाटते तितकी सोपी नाही. गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख, त्याच्या मागच्या निवडणुकीत जितकी मतं पडली त्यांच्या दहा टक्के सह्या लागतात. 2023 मध्ये हा आकडा 4,13,487 होता. शिवाय 88 काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निदान 44 मधून, त्या त्या काउंटीतल्या मतांच्या पाच टक्के सह्या यायला हव्यात. सह्यांचा कागद प्रत्येक काउंटीचा वेगळा असतो. आमचं डब्लिन तीन काउंट्यांत पसरलेलं आहे, त्यामुळं ग्रंथालयाच्या दारात उभे असलेले स्वयंसेवक सही घेण्याआधी तुमचं घर कुठल्या काउंटीत येतं ते विचारतात. युनियन काउंटीतल्या बाईंनी फ्रँकलिन काउंटीच्या कागदावर सही केली तर ती बाद. एवढं सगळं करून लोकांनी 1913 पासून 2022 पर्यंत 71 दुरुस्त्या मतपत्रिकेवर आणल्या आणि त्यांतल्या 19 मंजूर झाल्या.

ऑगस्ट 2023 चा प्रस्ताव हे सगळं आणखी कठीण करणारा होता. दुरुस्ती मंजूर व्हायला निम्म्याहून एक मत जास्त पुरत असे, तिथं साठ टक्के मागितले होते. सह्या 44 ऐवजी सगळ्या 88 काउंट्यांतून आणायच्या. आणि सह्या कमी पडल्या तर भर घालायला मिळणारी दहा दिवसांची मुदत रद्द करायची. 57 टक्के मतदारांनी त्याला नकार दिला.

साठ टक्क्यांच्या अटीला लोकशाहीविरोधी म्हणणं मला पटत नाही. आपल्या घटनादुरुस्तीच्या कलम 368 मध्येही दोन-तृतीयांश बहुमत लागतं. घटना ही काय साध्या कायद्यासारखी उठसूट बदलायची गोष्ट आहे? (एक वकील, नाशिक)

वकीलसाहेब, तुमच्या पत्रातला निम्मा भाग मला मान्य आहे. तिथूनच सुरुवात करते.

मंजुरीसाठी जास्त मतांचा उंबरठा ठेवला म्हणजे आपोआप अन्याय, असं नाही. न्यू हॅम्पशरमध्ये घटना बदलायला दोन-तृतीयांश मतदार लागतात. इलिनॉयच्या 1970 च्या घटनेत त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांपैकी साठ टक्के लागतात, नाहीतर त्या निवडणुकीत मत देणाऱ्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त. नेवाडात लोकांनी आणलेली दुरुस्ती लागोपाठ दोन निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. ही मला फार शहाणपणाची अट वाटते, कारण पहिल्या वेळचा जोर ओसरल्यावर माणसं दुसऱ्यांदा विचार करतात. ही राज्यं काही हुकूमशाहीत गेलेली नाहीत.

सोप्या वाटेचा गैरवापर झालेलाही मी पाहिला आहे. 2009 मध्ये ओहायोत जुगारघरांची दुरुस्ती आली. क्लीव्हलंड, सिनसिनाटी, कोलंबस आणि टोलेडो या चार शहरांत ती कुठं उभी राहतील, त्या जमिनींचं वर्णनच राज्याच्या घटनेत घातलं गेलं. म्हणजे ठराविक जागा असणाऱ्या कंपन्यांना घटनेनं मक्ता दिला. मी विरोधात मत दिलं होतं. 53 टक्क्यांनी ती मंजूर झाली आणि मला ते मान्य करावं लागलं. 2015 मध्ये गांजाच्या व्यापाऱ्यांनी हाच डाव टाकला, ठरलेल्या दहा जागांना लागवडीचा हक्क मागितला, तेव्हा मतदारांनी तो सपशेल पाडला. त्याच मतपत्रिकेवर, घटनेतून कुणालाही मक्ता देण्याविरुद्धची दुरुस्ती निसटत्या बहुमतानं मंजूर झाली. दुखणं होतं तिथंच औषध लावलं गेलं, सगळ्यांचा उंबरठा वर करावा लागला नाही.

आता कलम 368. तिथले दोन-तृतीयांश सभागृहात हजर राहून मत देणाऱ्या खासदारांचे, आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. पण खासदारांचे दोन-तृतीयांश आणि मतदारांचे साठ टक्के एका मापानं मोजता येत नाहीत. 1984 च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा मिळाल्या, देशभरातली मतं मात्र निम्म्याहून थोडी कमीच होती. म्हणजे निम्म्या मतदारांचाही पाठिंबा नसताना घटना बदलण्याइतकं बळ लोकसभेत जमू शकतं. मतदारांचे साठ टक्के मिळवणं याहून कितीतरी अवघड आहे. शिवाय सभागृहात मसुद्यावर चर्चा होते, कलमं बदलतात, विरोधकांशी देवाणघेवाण होते. मतदान केंद्रावर आलेल्या माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणता येतं.

माझा खरा आक्षेप साठ या आकड्याला नाहीच. तो कुणी, कधी आणि कुठल्या रीतीनं मागितला, याला आहे.

2022 च्या डिसेंबरमध्ये ओहायोच्या विधिमंडळानं एक कायदा केला. त्यात मतदारांना छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं झालं आणि ऑगस्टमधल्या विशेष निवडणुका जवळजवळ बंद झाल्या. कारण दिलं ते योग्यच होतं: ऑगस्टात लोक सुट्टीवर असतात, मतदान नाममात्र होतं, पैसा वाया जातो. राज्याच्या निवडणुका सांभाळणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट फ्रँक लारोझ यांनीही या बंदीला पाठिंबा दिला होता. त्यानंतर पाच महिन्यांत, 10 मे 2023 ला, त्याच विधिमंडळानं घटना बदलायची पद्धत बदलणारा ठराव केला आणि मतदान ठेवलं 8 ऑगस्टला. खालच्या सभागृहात 60 मतं लागत होती, 62 पडली. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. विधिमंडळाला तारीख ठरवायचा अधिकार आहे, असा निकाल चार विरुद्ध तीन मतांनी लागला. कायद्यानं ते बसत असेल. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

घाई कशाची होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालण्यासाठी सह्या गोळा होत होत्या आणि ती दुरुस्ती नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार होती. लारोझ यांनी एका समारंभात उघडच सांगितलं की हा सगळा खटाटोप ती दुरुस्ती रोखण्यासाठी आहे. जनतेला मात्र सांगितलं जात होतं की बाहेरच्या धनाढ्यांपासून घटनेचं रक्षण करायचं आहे. दोन्ही बाजूंना राज्याबाहेरून अफाट पैसा आला, त्यामुळं हा मुद्दा कुणालाच शोभत नव्हता. चार माजी गव्हर्नर, रिपब्लिकन पक्षाचे जॉन केसिक आणि बॉब टॅफ्ट, डेमोक्रॅटिक पक्षाचे टेड स्ट्रिकलंड आणि रिचर्ड सेलेस्ट, एकत्र विरोधात उभे राहिले. यांची गर्भपातावरची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. या रीतीला मात्र चौघांचाही विरोध होता.

सगळ्या 88 काउंट्यांची अट तर मला साठ टक्क्यांहून वाईट वाटली. फ्रँकलिन काउंटीची वस्ती 13 लाखांहून जास्त, विंटन काउंटीची सुमारे 13 हजार. नव्या नियमानं 87 काउंट्यांतून सह्या आल्या आणि विंटनमध्ये थोड्या कमी पडल्या, तर लाखो लोकांचा अर्ज केराच्या टोपलीत गेला असता. याला ग्रामीण भागाचा मान राखणं म्हणत होते. ग्रामीण माणसाचा मान 44 काउंट्यांच्या अटीत राखलेला होताच. 88 ची अट म्हणजे एकेका काउंटीच्या हातात नकाराधिकार देणं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. यापुढं साठ टक्के हवेत, असं सांगणारा हा प्रस्ताव स्वतः मात्र निम्म्याहून एक मत जास्त मिळवून मंजूर व्हायचा होता.

फ्लोरिडात हे प्रत्यक्ष घडलं. 2006 मध्ये तिथं साठ टक्क्यांची अट मतदानाला आली आणि सुमारे 58 टक्के मतांनी मंजूर झाली. स्वतःचीच अट तिनं पूर्ण केली नसती. 2024 मध्ये फ्लोरिडात गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती आली, तिला 57 टक्के मिळाले आणि ती पडली. ओहायोत ऑगस्टमध्ये 57 टक्क्यांनी उंबरठा वर करायला नकार दिला आणि तीन महिन्यांनी, 7 नोव्हेंबरला, जवळजवळ तितक्याच, 56.78 टक्के मतांनी गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मंजूर केली. 1912 मध्ये सह्यांचा हक्कच मुळात मिळाला तोही 57 टक्क्यांच्या आसपास मतांनी. म्हणजे कुठं सत्तावन टक्के दार बंद करायला पुरले आणि कुठं दार उघडायला पुरले नाहीत. शंभरातले सत्तावन लोक एक गोष्ट मागतात आणि त्रेचाळीस लोकांच्या म्हणण्याप्रमाणं होतं, याचं उत्तर वर उंबरठा मागणाऱ्यांनी द्यायला हवं.

साठ टक्के मागणाऱ्यानं आधी स्वतः साठ टक्के मिळवून दाखवावेत. मतदान सर्वांत जास्त लोक येतात त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत घ्यावं. आणि जी मोहीम सुरू झालेली आहे तिला नवा नियम लावू नये. एवढं कुणी केलं तर मी त्या प्रस्तावाचा शांतपणे विचार करीन, कदाचित बाजूनं मतही देईन.

ऑगस्टच्या त्या मतदानाबद्दल एक सांगायचं राहिलं. इथं मतदान सकाळी साडेसहाला सुरू होतं, आम्हा कर्मचाऱ्यांना तासभर आधी पोचावं लागतं. मतपत्रिकेवर एकच प्रश्न, ना उमेदवार ना पक्षाचं नाव. लोक येणार नाहीत या हिशेबावर तारीख ठरवली होती, पण राज्यभरात 30 लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मतदान आठ टक्क्यांच्या आसपास होतं. मोर्स रोडवरच्या निवडणूक कार्यालयाबाहेर मुदतपूर्व मतदानाच्या रांगा लागल्या होत्या. केंद्रावर आम्हाला कुठल्याच बाजूनं चकार शब्द काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण कामावरून आलेले, धुळीनं माखलेले बूट घातलेले लोक त्या एकाच प्रश्नासाठी रांगेत उभे राहिलेले पाहून मला फार बरं वाटलं.

घटना बदलण्याचं कलमच बदलता येतं का? तसं असेल तर सत्ताधारी ते सोपं किंवा अशक्य करून ठेवू शकतील. आपल्याकडं मूलभूत संरचनेचं तत्त्व आहे, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनंही मोडता येत नाही, अमेरिकन राज्यांत काय आहे? (पदवीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

बदलता येतं. आणि आपल्या घटनाकारांना हा धोका दिसत होता. कलम 368 ची अट वाच: या कलमातच बदल करायचा असेल तर संसदेतलं विशेष बहुमत पुरत नाही, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. कुलपाला वेगळी आणि जास्त मजबूत किल्ली ठेवली. ओहायोच्या घटनेत तशी सोय नाही. तिथं घटना बदलायची पद्धत आणि जुगारघराची परवानगी, दोन्हींना एकच उंबरठा.

डॉ. आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण तुझ्या अभ्यासक्रमात असेलच. आपण या घटनेवर कायमचा शिक्का मारलेला नाही, पुढच्या पिढ्यांना बदल करता यावा म्हणून पद्धत सोपी ठेवली आहे, असं त्यांनी त्यात सांगितलं आणि जेफरसनचा आधार दिला. सोपी, पण मोकाट नव्हे.

पुढं काय झालं तेही तुला माहीत आहे. 1971 च्या 24 व्या दुरुस्तीनं संसदेचा अधिकार वाढवला. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत संरचनेचं तत्त्व आलं. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात असताना 42 वी दुरुस्ती आली. कलम 368 मध्ये दोन पोटकलमं घालून, दुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं तिनं ठरवलं. 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ती पोटकलमं रद्द झाली. न्यायालयाचं म्हणणं तू नीट लक्षात ठेव: दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हेच मूलभूत संरचनेत येतं, त्यामुळं तो मर्यादित अधिकार वापरून संसदेला स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही. ओहायोच्या उन्हाळ्यात मला हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा आठवत होता.

अमेरिकन राज्यांत असं तत्त्व रुजलेलं नाही. वर देशाची घटना आहे, तिचा भंग झाला तर केंद्रीय न्यायालयं थांबवतात. पण राज्यानं दुरुस्तीचा उंबरठा वर केला तर ती सहसा मध्ये पडत नाहीत. कोलोरॅडोनं 2016 मध्ये 55 टक्क्यांची आणि सिनेटच्या सगळ्या 35 मतदारसंघांतून सह्यांची अट घातली. खालच्या केंद्रीय न्यायालयानं सह्यांची अट रद्द केली होती, 2019 मध्ये वरच्या न्यायालयानं ती पुन्हा वैध ठरवली.

आणि दुरुस्तीची वाट मुळीच ठेवली नाही तर काय होतं, त्यासाठी ऱ्होड आयलंडचा इतिहास वाच. ते राज्य 1663 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं दिलेल्या सनदेवर चाललं होतं. स्वातंत्र्य मिळालं तरी सनद तीच राहिली, आणि तिच्यात दुरुस्तीची सोयच नव्हती. मताचा हक्क जमीनदारांना. गिरण्यांत काम करणारे हजारो लोक मताविना. विधिमंडळ बदलायला तयार नाही आणि बदलायला दुसरा रस्ताही नाही. शेवटी 1841 मध्ये थॉमस डॉर आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःच परिषद भरवली, घटना लिहिली, मतदान घेतलं. 1842 मध्ये त्या चिमुकल्या राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन सरकारं झाली. डॉरच्या लोकांनी प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर चाल केली, ती फसली. डॉरला देशद्रोहाबद्दल जन्मठेप झाली आणि वर्षभरात सुटकाही झाली. पण त्या धक्क्यानं राज्याला 1843 मध्ये नवी घटना लागू करावी लागली आणि मताधिकार वाढवावा लागला. पद्धत अशक्य करून ठेवणाऱ्यांना वाटतं की आपण राज्य स्थिर केलं. लोकांची मागणी तिथंच असते, फक्त ती कागदावरून रस्त्यावर येते.

गोव्यात 1967 मध्ये जनमत कौल झाला तेव्हा किती टक्क्यांची अट होती? (एक निवृत्त शिक्षक, म्हापसा)

साधं बहुमत, सर. तो घटनादुरुस्तीचा प्रश्न नव्हता, संसदेनं कौलासाठी वेगळा कायदा केला होता. 16 जानेवारी 1967 ला ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पानं’ म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश, अशा दोन चिन्हांतून निवड करायची होती. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मतं पडली. माझे वडील विलीनीकरणाच्या बाजूचे, त्यांना निकालाचं दुःख झालं, पण कौल खोटा आहे असं ते कधी म्हणाले नाहीत.

त्या कौलातली एक गोष्ट मला आजच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची वाटते. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं सरकार सत्तेवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही, अशी विरोधकांची हरकत होती. डिसेंबर 1966 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं राजीनामा दिला आणि मग मतदान झालं. ज्याला निकालात रस आहे त्यानं नियम आणि यंत्रणा आपल्या हातात ठेवू नये, हे तेव्हा पाळलं गेलं. हरलेल्यांनी निकाल मानला, त्यात या राजीनाम्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आम्ही सेंट लुईसला राहतो, नुकतंच नागरिकत्व मिळालं. मिझुरीतही असाच प्रस्ताव येतोय म्हणतात. मतपत्रिकेवरची भाषा वाचून काही उमगत नाही. काय पाहावं? (एक वाचक)

अभिनंदन. मिझुरीच्या विधिमंडळानं सप्टेंबर 2025 च्या विशेष अधिवेशनात हा प्रस्ताव 2026 च्या मतदानासाठी पाठवला. लोकांनी सह्यांनी आणलेली दुरुस्ती मंजूर व्हायला राज्यभर बहुमत तर हवंच, शिवाय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, राज्यातल्या आठही मतदारसंघांत वेगवेगळं बहुमत हवं, अशी त्याची मुख्य अट. आमदारांनी सुचवलेल्या दुरुस्तीला ही अट नाही. हा भेदच मला खटकतो. घटनेचं पावित्र्य जपायचं असेल तर ते दोन्ही वाटांनी जपायला हवं.

हिशेब करून पाहा. आठ मतदारसंघांत मतदान साधारण सारखं झालं, तर एका मतदारसंघातले निम्मे म्हणजे राज्यातले सोळावा हिस्सा मतदार उरलेल्या सगळ्यांना अडवू शकतील. तुमच्याकडं 2020 मध्ये मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनेचा, विस्तार 53 टक्क्यांनी झाला. तो या अटीपुढं टिकला असता का, हे तुम्ही मतदारसंघवार निकाल काढून स्वतः पाहू शकता.

अशा अटी मतदारसंघांवर बेतल्या की आणखी एक धोका असतो. मिसिसिपीच्या घटनेत सह्या पाच मतदारसंघांतून आणायच्या आणि कुठल्याही एकातून पाचव्या हिश्शाहून जास्त नकोत, असं लिहिलं होतं. 2000 च्या जनगणनेनंतर राज्याचे मतदारसंघ पाचाचे चार झाले. कलम तसंच राहिलं. 2020 मध्ये वैद्यकीय गांजाची दुरुस्ती भरघोस मतांनी मंजूर झाली, आणि मे 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चार मतदारसंघांतून पाच पंचमांश सह्या येऊच शकत नाहीत, म्हणून ती रद्द. दुरुस्ती गेली आणि सह्यांचा हक्कही त्याबरोबर बंद पडला.

मतपत्रिकेवरचा मजकूर हा सारांश असतो, आणि सर्वांना आवडणारी कलमं त्यात पुढं येतात. मिझुरीच्या प्रस्तावात परदेशी पैशाला बंदी आणि सह्यांतल्या फसवणुकीला शिक्षा हेही आहे. ते वाचून कुणीही ‘हो’ म्हणेल, म्हणून आधी ‘बहुमत’ हा शब्द कुठल्या वाक्यात आला आहे ते शोधा. पूर्ण मसुदा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर मिळतो. तो घरी, सावकाश, शक्य तर दोघांनी मिळून वाचा आणि आपला निर्णय कागदावर लिहून ठेवा. नाव अजून नोंदवलं नसेल तर मिझुरीत ते निवडणुकीआधीच्या चौथ्या बुधवारपर्यंत नोंदवावं लागतं. मधल्या काळात घर बदललं असेल तर पत्ताही त्याच वेळी बदलून घ्या.